सैन्याचं बंद दार आणि नाशिकची शाळा

एनसीसीत असताना फायरिंगच्या दिवशी गोळ्या झाडायला लागायची पाच मिनिटं आणि खोकी वेचायला अर्धा तास. पॉइंट टू टूच्या रायफलीला प्रत्येकी पाच गोळ्या मिळायच्या. त्या झाडल्या की पितळेची रिकामी खोकी गवतातून शोधायची. बोटाच्या पेराहून लहान, हाताला कोमट लागणारी. उस्ताद, म्हणजे आमचे लष्करी शिक्षक, ती टोपीत घेऊन मोजायचे. एक जरी कमी भरलं तरी अख्खी तुकडी पुन्हा गुडघ्यांवर. मग रायफली पुसायच्या, नळीतून पुलथ्रू, म्हणजे चिंधी बांधलेली दोरी, ओढायचा, चिंधी पांढरी निघेपर्यंत ओढायचा आणि नंबर सांगून एकेक रायफल कोतमध्ये, म्हणजे शस्त्रांच्या कोठीत, परत. शस्त्र हातात देणाऱ्याचा आपल्यावर नेमका किती विश्वास आहे, हे मला पहिल्यांदा त्या मोजणीत कळलं.

दोन महायुद्धांच्या मधल्या काळातल्या हिंदुस्थानी कॅडेटांचा इतिहास वाचताना ती टोपी पुन्हा पुन्हा आठवते. तेव्हा मोजणी खोक्यांची नव्हती, माणसांची होती. कुणाला बंदूक धरू द्यायची, कुणाला नुसती कवायत करू द्यायची आणि कुणाला मैदानाच्या कुंपणाबाहेरच ठेवायचं, हे सरकार जात, धर्म आणि प्रांत पाहून ठरवत होतं. नाशिकचं भोसला मिलिटरी स्कूल या मोजणीला उत्तर म्हणून उभं राहिलं. ही शाळा १२ जून १९३७ रोजी सुरू झाली. नागपूरच्या डॉ. मुंजे नावाच्या एका नेत्रवैद्याने ती वयाच्या चौसष्टाव्या वर्षी काढली. ती का काढावी लागली, तिचा नमुना त्याने कुठून आणला आणि त्या नमुन्याबरोबर काय काय आत आलं, हे या प्रकरणात पाहायचं आहे. शाळेची पुढची वाटचाल हा वेगळा विषय आहे. इथे फक्त तिच्या जन्माची गोष्ट आहे.

कुलूप

१८५७ नंतर इंग्रजांनी सैन्याची घडी नव्याने बसवली. १८७८च्या शस्त्र कायद्याने सामान्य हिंदी माणसाला परवान्याशिवाय हत्यार बाळगणं बंद झालं. त्याच सुमारास ‘लढाऊ जाती’ नावाची एक कल्पना सैन्यात मुरू लागली. पंजाब, सरहद्द, नेपाळ इथली माणसं जन्मजात लढवय्यी आणि बाकीची नाहीत, असा तिचा सूर होता. शिकलेला हिंदी माणूस तर तिच्या हिशेबात मुळीच बसत नव्हता, कारण तो प्रश्न विचारतो.

महाराष्ट्रात या कल्पनेची सगळ्यात जास्त झळ महारांना लागली. ज्या समाजातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या मुंबई लष्करात होती, त्याची भरती १८९०च्या दशकात बंद झाली. घराघरांत पेन्शनर सुभेदार आणि हवालदार बसलेले, आणि त्यांच्या पोरांना भरतीच्या रांगेत उभंही राहता येत नाही. गोपाळबाबा वलंगकर आणि शिवराम जानबा कांबळे या समाजाच्या नेत्यांनी सरकारकडे अर्जांमागून अर्ज केले. पहिल्या महायुद्धात माणसांची ओढ लागली तशी १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली. गरज सरली आणि १९२१ मध्ये ती मोडली. हा तपशील लक्षात ठेवायला हवा, कारण नाशिकच्या शाळेचा आराखडा वाचताना तो परत लागणार आहे.

१९१७ मध्येच इंडियन डिफेन्स फोर्स निघाला आणि कॉलेजच्या पोरांना पहिल्यांदा खाकी मिळाली. कलकत्त्याच्या तुकडीत स्कॉटिश चर्च कॉलेजातले सुभाषचंद्र बोस होते. त्याआधी ते ४९ व्या बंगाली पलटणीत जायला निघाले होते, पण डोळ्यांच्या तपासणीत नापास झाले. पुढे त्यांनी आत्मचरित्रात लिहून ठेवलं आहे की रायफली घ्यायला पहिल्यांदा फोर्ट विल्यममध्ये कवायत करत शिरलो, तेव्हा एक विलक्षण समाधान वाटलं. जे मुळात आपल्या हक्काचं होतं आणि अन्यायाने काढून घेतलं होतं, त्याचा ताबा आपण परत घेतोय, असं. वीस-एकवीस वर्षांच्या पोराच्या मनातली ही गोष्ट. त्या काळातल्या शेकडो विद्यार्थ्यांना नेमकं काय हवं होतं, हे मला दहा अहवालांतून कळलं नसतं तेवढं या एका आठवणीतून कळलं.

पुण्यात टिळकांचं म्हणणं त्याहून रोखठोक होतं. भरती व्हा, पण अधिकारपद मागून घ्या. १९१८ मध्ये त्यांनी गांधीजींकडे पन्नास हजार रुपयांचा चेक पाठवला. सरकारकडून हिंदी माणसाला सैन्यात अधिकाऱ्याचा दर्जा मिळण्याचं आश्वासन तुम्ही मिळवा, मी महाराष्ट्रातून पाच हजार माणसं देतो, नाही दिली तर हे पैसे तुमचे, अशी ती पैज होती. गांधीजींनी चेक परत केला. मात्र टिळकांनी बोट नेमकं दुखऱ्या जागेवर ठेवलं होतं. प्रश्न बंदुकीचा कमी आणि खांद्यावरच्या फितीचा जास्त होता.

कवायतीपुरते सैनिक

युद्ध संपलं आणि १९२० मध्ये एकापाठोपाठ दोन कायदे आले. एकाने हिंदी लोकांसाठी टेरिटोरियल फोर्स निर्माण झाला, दुसऱ्याने युरोपियन आणि अँग्लो-इंडियन लोकांसाठी ऑक्झिलरी फोर्स. काम साधारण सारखं, पण कायदे दोन, दर्जे दोन. विद्यापीठांतल्या तुकड्या टेरिटोरियल फोर्सच्या छत्राखाली गेल्या आणि त्यांना युनिव्हर्सिटी ट्रेनिंग कोअर हे नाव पडलं. सगळे यूटीसी म्हणत. पुण्याची कॉलेजं तेव्हा मुंबई विद्यापीठातच होती.

यूटीसीत काय होतं? कवायत, नेमबाजी, वर्षातून एकदा छावणी, थोडं नकाशावाचन. तुकडीवर प्राध्यापकच अधिकारी म्हणून नेमले जात, शिकवायला गोरे सार्जंट असत. लढाईवर जाण्याचं बंधन कॅडेटांवर नव्हतं. शिस्त मिळत होती, छाती भरत होती, उन्हात उभं राहायची सवय होत होती. या गोष्टी मी कमी लेखणार नाही. ज्याने पोटरीला गोळे येईपर्यंत कदमताल केला आहे, त्याला त्यांची किंमत ठाऊक असते.

पण पदवी हातात पडली की वाट तिथेच संपायची. यूटीसीतून सैन्याच्या अधिकारी वर्गात जाणारा सरळ रस्ता नव्हता. इंग्लंडमध्ये अधिकारी घडवणारं लष्करी महाविद्यालय म्हणजे सँडहर्स्ट. तिथे हिंदी उमेदवारांना वर्षाला दहा जागा दिलेल्या होत्या, त्याही १९१८ पासून. सगळ्या हिंदुस्थानासाठी दहा. इंग्लंडचा खर्च, तिथल्या शाळांची चालरीत, मुलाखतीत लागणारी ओळख, हे सगळं ज्याच्या घरात असेल त्याचंच पोर तिथवर पोचे. १९२३ मध्ये सेनापती रॉलिन्सन यांनी आठ पलटणींची योजना आणली, म्हणजे हिंदी अधिकारी ठरावीक आठ पलटणींतच जातील. गोऱ्या कनिष्ठावर काळा वरिष्ठ येऊ नये, याची ही तजवीज होती, आणि हे तेव्हाही कुणापासून लपलेलं नव्हतं.

हिंदी अधिकाऱ्यांच्या प्रश्नावर १९२५ मध्ये नेमलेल्या स्कीन समितीवर जीनाही होते. हिंदुस्थानचं स्वतःचं सँडहर्स्ट १९३३ पर्यंत उभं करा, अशी तिची शिफारस होती. मात्र मुलं आणायची कुठून, हा मुद्दा प्रत्येक बैठकीत सरकारकडून यायचा. तुमच्याकडे लायक उमेदवारच नाहीत. डेहराडूनला १९२२ मध्ये निघालेली प्रिन्स ऑफ वेल्सच्या नावाची मिलिटरी कॉलेज-शाळा होती, पण ती मूठभरांची. उमेदवार तयार करणाऱ्या शाळा काढायच्या नाहीत आणि उमेदवार नाहीत म्हणून जागा वाढवायच्या नाहीत. हे असं वर्तुळ होतं, आणि ते सोयीचं होतं.

नागपूरचे डॉक्टर

बाळकृष्ण शिवराम मुंजे १२ डिसेंबर १८७२ रोजी बिलासपूरला जन्मले. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाले. बोअर युद्धाच्या वेळी वैद्यकीय कामावर दक्षिण आफ्रिकेत गेले, म्हणजे युद्ध त्यांनी जवळून पाहिलं. परत येऊन नागपुरात डोळ्यांचे डॉक्टर म्हणून नाव कमावलं. राजकारणात ते टिळकांचे. १९०७ च्या सुरतेच्या काँग्रेसमध्ये टिळकांच्या बाजूने उभे राहिलेल्यांत ते होते. टिळक गेल्यावर गांधीजींच्या अहिंसेशी त्यांचं जमलं नाही. ते हिंदू महासभेत गेले आणि तिचे अध्यक्षही झाले. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे संस्थापक डॉ. हेडगेवार यांना घडवणाऱ्यांत मुंजे होते.

टिळकांचा तो पन्नास हजारांच्या चेकमागचा विचार मुंजेंनी उरलेलं आयुष्यभर धरून ठेवला, असं मी त्यांच्याबद्दल म्हणेन. स्वराज्य मिळालं आणि सैन्य चालवायला आपली माणसं नसली, तर ते स्वराज्य कितीसं टिकेल? हा प्रश्न त्या काळात फार थोडे नेते गांभीर्याने विचारत होते. काँग्रेसने पहिल्या गोलमेज परिषदेवर बहिष्कार टाकला, मुंजे मात्र गेले आणि संरक्षणाच्या उपसमितीत बसले. हिंदुस्थानात लष्करी महाविद्यालय लवकरात लवकर काढावं, ही शिफारस त्या उपसमितीने केली. पुढे १९३१ मध्ये सेनापती चेटवूड यांच्या अध्यक्षतेखाली त्या महाविद्यालयाचा तपशील ठरवणारी समिती बसली, तिच्यावरही मुंजे होते.

या सगळ्याला फळ आलं. १ ऑक्टोबर १९३२ रोजी डेहराडूनची इंडियन मिलिटरी अकॅडमी सुरू झाली. पहिल्या तुकडीत ४० कॅडेट, त्यातले १५ खुल्या परीक्षेतून, १५ सैन्याच्या शिपायांतून आणि १० संस्थानांच्या फौजांतून. खुल्या परीक्षेतल्या त्या पंधरांत सॅम माणेकशा होते. दार उघडलं होतं, पण फट एवढीच. आता खरा सवाल असा होता की नागपूर, अमरावती, सातारा, नगर इथल्या कारकुनाच्या, वकिलाच्या, जमीनदाराच्या पोराला त्या फटीतून जाण्याएवढं तयार कोण करणार? इंग्रजी बोलणं, घोड्यावर बसणं, नेमबाजी, मैदानी खेळ, मुलाखतीत ताठ मानेने उत्तर देणं, हे गावच्या हायस्कुलात कोण शिकवणार?

इथवर मुंजेंचं निदान शंभर टक्के बरोबर आहे. पुढच्या औषधाबद्दल मला बोलायचं आहे.

रोम, १९ मार्च १९३१

गोलमेज परिषद आटोपून परतताना मुंजे युरोप फिरले आणि मार्चच्या मध्यावर इटलीत पोचले. १९ मार्चचा दिवस त्यांनी रोममधल्या लष्करी आणि शारीरिक शिक्षणाच्या संस्था पाहण्यात घालवला. बालिल्ला नावाच्या मुलांच्या संघटनेत त्यांना विशेष रस होता. १७४६ मध्ये ऑस्ट्रियाच्या सैनिकांवर दगड भिरकावणाऱ्या जिनोव्हाच्या एका पोराचं हे टोपणनाव. १९२६ च्या कायद्याने मुसोलिनीच्या राजवटीने ही संघटना उभी केली. आठ ते चौदा वयाची मुलं बालिल्लात, त्यापुढे अठरापर्यंतची आव्हांग्वार्दिस्तीत. गणवेश, कवायत, व्यायाम, संचलन, आणि या सगळ्याच्या वर एका नेत्यावरची निष्ठा.

त्याच संध्याकाळी पालात्सो व्हेनेत्सियामध्ये मुंजे मुसोलिनीला भेटले. त्यांच्या रोजनिशीत या भेटीचा आणि त्या दिवसाचा सविस्तर वृत्तांत आहे. प्रत्येक वाढत्या राष्ट्राला अशा संस्थांची गरज असते आणि हिंदुस्थानला लष्करी पुनरुज्जीवनासाठी त्यांची सर्वांत जास्त गरज आहे, हे त्यांनी मुसोलिनीला सांगितलं. रोजनिशीत तर ते आणखी पुढे जातात. हिंदुस्थानला, आणि त्यातही हिंदूंना, अशी काहीतरी संस्था हवी, असं ते लिहितात.

हे वाचताना मला नुसता राग येत नाही, खंतही वाटते. शिस्तबद्ध पोरांची रांग पाहून भारावून जाणं मला समजतं. चाळीस मुलांचे बूट एकाच वेळी जमिनीवर पडले की अंगावर काटा येतो, मग मैदान कुठलंही असो. पण डॉक्टरांनी रोग्याचा डोळा पाहताना बुबुळामागे काय चाललंय हेही पाहायचं असतं. १९३१ पर्यंत इटलीत विरोधी पक्षांवर बंदी येऊन काही वर्षं झाली होती, वर्तमानपत्रं मुसोलिनीच्या मुठीत होती, समाजवादी खासदार मातेओत्तीचा खून १९२४ मध्येच झाला होता. हे जगाला ठाऊक होतं. बालिल्लातली शिस्त या सगळ्यापासून वेगळी काढता येण्यासारखी नव्हती. मुंजेंनी मैदान पाहिलं आणि मैदानामागची राजवट पाहायचं नाकारलं, असं मला वाटतं.

नाशिक

१९३५ मध्ये त्यांनी नाशिकला सेंट्रल हिंदू मिलिटरी एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. नाशिक निवडण्यातही त्यांच्या मनातली दोन टोकं दिसतात. गोदावरीकाठचं रामाच्या वनवासाचं गाव, तपोवन आणि पंचवटी, आणि तिथून जवळच देवळालीचं लष्करी ठाणं. इंग्लंडला परतणारे गोरे शिपाई बोटीची वाट पाहत देवळालीला इतके महिने अडकून पडत की वेड लागण्याला इंग्रजीत त्या गावाचंच नाव पडलं. शाळेच्या माळाला ‘रामभूमी’ नाव दिलं आणि शाळेला ‘भोसला’, शिवरायांच्या कुळाचं. मुख्य इमारतीचं उद्घाटन १९३८ मध्ये ग्वाल्हेरचे महाराज जिवाजीराव शिंदे यांच्या हस्ते झालं. संस्थानिकांकडून, शेटजींकडून, सामान्य माणसांकडून पैसा गोळा करत उतारवयातला एक डॉक्टर हिंदुस्थानभर फिरला. ही चिकाटी थोर होती, तिला मी मनापासून मान देतो. सरकारी शाळेची वाट न पाहता आपणच उमेदवार तयार करू, ही जिद्द तर मला आजही भावते.

संस्थेचा हेतू मात्र कागदावर स्पष्ट लिहिलेला आहे: हिंदूंचं लष्करी पुनरुज्जीवन करणं, हिंदू तरुणांना मातृभूमीच्या रक्षणाची पूर्ण जबाबदारी पेलण्याइतकं तयार करणं, सनातन धर्माचं शिक्षण देणं आणि वैयक्तिक व राष्ट्रीय संरक्षणाचं शास्त्र शिकवणं. प्रास्ताविकात तर मुंजे आडपडदा ठेवत नाहीत. शत्रूची जास्तीत जास्त माणसं मारून आणि आपली कमीत कमी गमावून विजय मिळवण्याच्या खेळासाठी मुलांना लायक करायचं आहे, या अर्थाचं वाक्य तिथे आहे. सैन्याचं काम मारणं हेच आहे, त्याला गोड नावं देऊ नयेत, हा त्यातला प्रामाणिकपणा म्हणून कुणी वाचेल. मला मात्र ‘खेळ’ हा शब्द अजूनही खुपतो. दहा-बारा वर्षांच्या मुलासमोर ठेवायचा तो शब्द नव्हता.

आणि आता ती १११ वी महार पलटण. सनातन धर्माचं शिक्षण देणाऱ्या शाळेत, ज्या समाजाला सनातन्यांनीच देवळाच्या पायरीवर थांबवलं होतं, त्याचं पोर कोणत्या तोंडाने जाणार? तेही याच नाशकात. २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला होता. तो सुमारे पाच वर्षं चालला आणि मंदिराचं दार उघडलं नाही. १९३५ मध्ये, ज्या वर्षी मुंजेंची संस्था नाशिकला स्थापन झाली त्याच वर्षी, बाबासाहेबांनी जवळच्याच येवल्याला जाहीर केलं की हिंदू म्हणून जन्मलो, पण हिंदू म्हणून मरणार नाही. एकाच जिल्ह्यात, एकाच वर्षी या दोन घटना घडल्या. सैन्यात जाण्याचा ज्यांचा दावा कागदपत्रांनिशी सर्वांत जुना होता, ते महार या नव्या लष्करी शिक्षणाच्या केंद्रस्थानी नव्हते. आणि पहिल्या महायुद्धात दख्खनी मुसलमानही लढले होते, त्यांच्यासाठी तर संस्थेच्या नावातच जागा नव्हती.

इंग्रजांनी जात पाहून कुलूप लावलं होतं. मुंजेंनी ते फोडायला किल्ली घडवली तीही धर्म पाहूनच. ब्रिटिशांची ‘लढाऊ जाती’ची मांडणी त्यांना सलत होती यात शंका नाही, पण माणसांच्या गटाला जन्मावरून सैनिक ठरवायचं, हे तिचं मूळ त्यांनी तसंच ठेवलं. फक्त गट बदलला. या प्रकरणातली माझ्या लेखी सगळ्यात मोठी चूक ही आहे, इटलीच्या भेटीहूनही मोठी. मुसोलिनीचा प्रभाव किती आणि कसा उतरला यावर वाद घालता येईल. संस्थेच्या नावावर वाद घालता येत नाही.

काही वाचक म्हणतील की त्या काळात अलीगढ होतं, बनारस होतं, सगळेच आपापल्या समाजासाठी संस्था काढत होते. खरं आहे. पण दवाखाना किंवा कॉलेज एका समाजाने काढणं आणि लष्करी शिक्षण एका समाजापुरतं ठेवणं, यांत फरक आहे. ज्याच्या हातात बंदूक द्यायची, त्याला ती कुणासाठी धरायची हे आधी शिकवावं लागतं. यूटीसीत निदान सगळ्या जातीधर्मांची पोरं एकाच रांगेत उभी होती, मग ती रांग कुठेही पोचत नसो.

युद्धानंतर

सप्टेंबर १९३९ मध्ये दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि इतकी वर्षं रेंगाळलेला प्रश्न गरजेने सोडवला. आठ पलटणींची कुंपणं गळून पडली. युद्धाच्या सुरुवातीला हिंदी अधिकारी काहीशे होते, १९४५ पर्यंत ते आठ हजारांच्या वर गेले. लायक उमेदवार नाहीत, ही वीस वर्षं ऐकवलेली सबब दोन-तीन वर्षांत निकालात निघाली. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. १९४२ मध्ये यूटीसीचं नाव बदलून युनिव्हर्सिटी ऑफिसर्स ट्रेनिंग कोअर झालं.

१९४६ मध्ये पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. सबंध देशाच्या शाळा-कॉलेजांसाठी एकच कॅडेट संघटना असावी, असं तिने सुचवलं. मुंजे मार्च १९४८ मध्ये गेले. त्यानंतर सुमारे दीड महिन्याने, १६ एप्रिल १९४८ रोजी, राष्ट्रीय छात्रसेनेचा, म्हणजेच एनसीसीचा, कायदा झाला आणि १५ जुलैला ती सुरू झाली. त्या कायद्यात जातीची अट नव्हती, धर्माची नव्हती. पुढच्याच वर्षी, १९४९ मध्ये, मुलींचा विभाग निघाला.

आमच्या कॉलेजच्या तुकडीत हजेरी आडनावांवरून व्हायची. एका रांगेत कांबळे, शेख, कुलकर्णी, डिसूझा, आणि पलीकडच्या रांगेत मुली. कोतच्या खिडकीवर गेल्यावर मात्र उस्ताद फक्त रायफलीचा नंबर विचारायचे, वहीत लिहायचे आणि पुढच्याला बोलवायचे.